पाटाच्या पाण्याचा माग

या, बसा. कंदिलाची वात जरा खाली करतो, कारण आजची गोष्ट अर्धी उजेडातली आहे आणि अर्धी मिट्ट काळोखातली, आणि काळोखाचा भाग आला की मी ही वात पार विझवणार आहे, तेव्हा ज्याला पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. आणि हो, पिताना शेवटचा घोट गिळू नका, तोंडात तसाच धरून बघा. किती वेळ धरवतो? शंभर मोजेपर्यंत गाल दुखायला लागतात. मी तुम्हाला एका रानाची गोष्ट सांगणार आहे, जे चार महिने पोटभर पाणी पितं आणि पुढचे आठ महिने तो शेवटचा घोट तोंडात धरून हिरवंच्या हिरवं उभं राहतं.

हे रान कुठं सातासमुद्रापार नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. नगर म्हटलं, आता अहिल्यानगर म्हणायचं, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं बाभळी येतात, कुसळं येतात, टँकरमागं पळणारे हंडे येतात, आणि ते काही खोटं नाही. पण जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक, अकोले तालुक्यातला तो डोंगराळ मुलूख, ज्याला तिकडची माणसं डांगाण म्हणतात, तिथं सगळा हिशेबच उलटा. नगर शहरात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या घाटघरला तो ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो. असं समजा की अंगणात सरळ भिंतींचं एक मोठं पिंप ठेवलं आणि त्यातला थेंबही उडू दिला नाही, तर नगरच्या पिंपात पाणी गुडघ्याला लागेल, आणि घाटघरच्या पिंपात ते तीन परस भरेल, म्हणजे तीन माणसं एकाच्या डोक्यावर एक उभी केली तरी सगळ्यात वरच्याची टोपी भिजेल. एकच जिल्हा, एकच कलेक्टर, आणि पाऊस बघा.

मला हे रान दाखवलं माझ्या मामांनी. मामा श्रीरामपूरकडं पाटकरी होते. हातात काठी, पायात जाड वहाणा, पाटाच्या कडेनं रोज मैलोन् मैल चालायचं, कुठं पाट फुटलाय का बघायचं, कोणाच्या चारीला किती वेळ दार उघडायचं ते ठरवायचं, आणि उसाला एक पाळी जास्त मिळावी म्हणून भांडायला आलेल्या माणसाला शांतपणे तंबाखू मळून द्यायची. सुट्टीत मी त्यांच्या मागं मागं फिरायचो. एके दिवशी मी विचारलं, "मामा, पाटाला पाणी कुठनं येतं?" म्हणाले, "ओझरच्या बंधाऱ्यातनं." "अन् बंधाऱ्याला?" "नदीतनं. प्रवरेतनं." "अन् नदीला?" "भंडारदऱ्याच्या धरणातनं." "अन् धरणाला?" मामा थांबले, काठी पाटात बुडवून बाहेर काढली, किती भिजली ते बघितलं, आणि म्हणाले, "आयुष्य गेलं हे पाणी मोजण्यात, पण ते उगवतं कुठं ते मीबी नाही बघितलं. चल, जाऊ."

वैशाख सरत आला होता. लाल डब्यानं आम्ही संगमनेर केलं, मग अकोले, मग राजूर, आणि खिडकीतून बघता बघता बाभळी मागं राहिल्या, आंबे आले, वारा बदलला, आणि संध्याकाळी धरणाखालच्या शेंडी गावात उतरलो तेव्हा मामांनी खांद्यावरचा पंचा अंगाभोवती घेतला. धरण मी पहिल्यांदा बघत होतो. सगळा दगडी बांध, तळापासून माथ्यापर्यंत २७० फूट. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं, आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला दिलं. पुरं भरलं की ११ टीएमसी पाणी मावतं, आणि भरल्याची बातमी आली की खाली संगमनेरापासून नेवाशापर्यंत लोक एकमेकांना आनंदानं सांगतात. पण आम्ही गेलो ते ऐन उन्हाळ्यात, आवर्तनं सुटून गेल्यावर, तेव्हा पाणी पार खाली गेलेलं आणि काठाची माती भेगाळून कासवाच्या पाठीसारखी झालेली.

त्या काळी पलीकडच्या रतनवाडीला जायला होडी हाच जवळचा रस्ता होता. होडीवाले एक म्हातारे महादेव कोळी, सगळे त्यांना बाबा म्हणत, तर मीही बाबाच म्हणालो. त्यांनी आम्हाला पहाटे अंधारातच उठवलं, कारण दुपारी कोकणातून वारं चढलं की तळ्यावर लाटा उठतात आणि मग वल्ही मारून मारून खांदे निखळतात. निघालो तर पाणी असं शांत की वल्ह्यावरून गळणारा थेंबसुद्धा ऐकू येत होता. मध्येच होडीचा तळ कशाला तरी घासला. बाबा म्हणाले, "आंबा हाय तो." मी वाकून बघितलं तर पाण्याखाली काळा बुंधा. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली शेतं, झाडं, वाटा सगळं पाण्याखाली गेलं, आणि बाबांच्या आज्याला तो आंबा खाल्लेला आठवत होता.

पुढं मोठेपणी मी ॲमेझॉनच्या खोऱ्याबद्दल वाचलं आणि मला तो आंबा आठवला. तिकडं दरवर्षी नदी इतकी फुगते की रानात दहा-दहा मीटर पाणी चढतं, माणसं होडीत बसून झाडांच्या शेंड्यांमधून वल्हवत जातात, आणि खाली मासे झाडाची गळलेली फळं खातात. तांबाकी नावाचा एक मासा आहे तिकडं, त्याला घोड्यासारख्या दाढा असतात, रबराच्या झाडाची टणक बी तो कडाकड फोडतो. जिथं गाय चरायची तिथं मासा चरतो! आमचा आंबा काही कुठल्या माशानं खाल्ला नसेल, पण झाडावरून होडी नेण्याचं ते नवल मला घरच्या घरी मिळालं होतं.

उजाडायच्या वेळी आम्ही पलीकडच्या काठाजवळ आलो आणि तिथं कोणीतरी शीळ घालत होतं. एखादं निवांत पोरगं गुरं वळताना घालतं ना तशी, चार सूर वर, दोन खाली, मध्येच विसरल्यासारखी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "बाबा, तुमचं गाव लवकर उठतं." बाबा हसले आणि त्यांनी तशीच शीळ परत घातली. पलीकडची शीळ थांबली, थोडा विचार केल्यासारखी गप्प राहिली, आणि पुन्हा सुरू झाली. मग ओढ्याच्या दगडावर मला तो दिसला, मैनेपेक्षा थोडा मोठा, काळसर निळा, कपाळावर आणि खांद्यावर लखलखीत निळा डाग. शीळकरी कस्तूर. हा ओढ्याकाठच्या कपारीत, कधी धबधब्याच्या अगदी लगत घरटं करतो, आणि पावसाळा जवळ आला की पहाटे असा गायला बसतो. पुढं आयुष्यात मी रेडिओवर मोठमोठे गवई ऐकले, पण असं अर्ध्यावर सोडून पुन्हा धरणारं गाणं कोणी गायलं नाही.

रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, त्याचं कोरीव काम बघायला लांबून माणसं येतात, आम्हीही हात जोडले. पण मला जास्त आठवतं ते बाबांचं घर. भिंती कारवीच्या काठ्यांच्या, कूड म्हणतात त्याला, वरून शेणामातीनं लिंपलेल्या. कारवी हे आणखी एक अजब झुडूप. डोंगरउतारावर दाटीनं वाढतं, सात-आठ वर्षं नुसतं पानं घेऊन उभं राहतं, आणि मग एका वर्षी सगळंच्या सगळं एकदम जांभळं फुलतं, बी धरतं आणि एकदमच मरतं. आमच्यापैकी कोणी घड्याळ लावलेलं नसतं, पण डोंगरच्या डोंगराला कळतं की वेळ झाली. मुंबईला बोरिवलीच्या रानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, बरोबर आठ-आठ वर्षांनी. दुसऱ्या डोंगरावर साल वेगळं असतं. फुलली की मधमाश्यांची चंगळ, आणि वाळली की घराला कूड. बाबा म्हणाले, ज्या साली ही भिंत बांधली त्या साली त्यांचा धाकटा जन्मला.

अंगणात चटईवर बाळहिरडे वाळत होते, काळे, सुरकुतलेले, व्यापाऱ्याला द्यायचे. आणि दावणीला एक पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली गाय होती. बाबांच्या बायकोनं, आजीनं, माझा हात धरून तिच्या पाठीवर फिरवला आणि विचारलं, "काय लागलं?" मी हात बघितला तर बोटं तेलकट. ही डांगी गाय. हिच्या कातडीतून तेलासारखा एक स्राव सुटतो, त्यामुळं जिथं पाऊस पंधरा-पंधरा दिवस उघडत नाही तिथं पाणी तिच्या अंगावरून घरंगळून जातं, आणि खूर असे कठीण की ओल्या कातळावर झिजत नाहीत. आमच्याकडची गाय त्या पावसात आठ दिवस टिकली नसती. आजी म्हणाली, "आमी घोंगडं घेतो, हिला देवानंच दिलंय." नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन आम्ही रानात शिरलो, बाबांचा थोरला मुलगा पुढं.

आता नीट ऐका, कारण इथून गोष्टीतलं खरं नवल सुरू होतं. उघड्या माळावरून आम्ही झाडीत पाऊल टाकलं आणि कोणीतरी घराचं दार उघडून आत घ्यावं तसा गारवा अंगाला लागला. बाहेर वैशाख पेटलेला, आत ओलसर अंधार. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, यांचे शेंडे एकमेकांत असे गुंतलेले की खाली उन्हाचे नुसते पैसे सांडलेले. मामा म्हणाले, "इथं गेल्या आठवड्यात पाऊस झाला काय?" तो मुलगा म्हणाला, "न्हाई मामा. दसऱ्याला पडला तो शेवटचा."

खरं वर्षावन म्हणजे जिथं वर्षभर थोडाफार पाऊस असतो. आपल्या सह्याद्रीतच दक्षिणेला केरळात गेलात तर कोरडे महिने दोन-तीनच, तिथं झाडं शंभर फुटांवर जातात. पण जसजसं उत्तरेला यावं तसतसा पाऊस उशिरा येतो आणि लवकर जातो, कोरडे महिने वाढत वाढत आपल्याकडं सात-आठ होतात. पाऊस पडतो पोत्यानं, पण चारच महिने. म्हणून आपलं रान उंचीनं कमी, पण जात तीच, बारमाही हिरवी. मग आठ महिने हे जगतं कसं?

त्याच रानाच्या कडेला सादडा होता, सावर होती. उन्हाळ्याआधीच त्यांनी पानं टाकून दिलेली, म्हणजे दुकान बंद करून गावाला गेल्यासारखी. अंजनीनं तसं केलं नव्हतं. तिचं एक पान तो मुलगा तोडून माझ्या हातात देऊन म्हणाला, "मोड." मोडलं तर कट्कन आवाज आला, पापडासारखा. जाड, चामड्यासारखं, वरून मेण लावल्यागत चकचकीत. पान पाणी सोडतं ते खालच्या अंगाच्या बारीक छिद्रांतून, आणि भर उन्हाच्या वेळी ती छिद्रं झाड मिटून घेतं. म्हणजे ही दुकान बंद करत नाही, अर्धं दार लोटून आत बसते, आणि सकाळच्या गारव्यात तेवढं उघडून पोटापुरता धंदा करते. वर लाकूड असं कठीण की कुऱ्हाडीची धार मुडपते.

पुढं एका जांभळाच्या फांदीवर फुलांचा गुलाबी-पांढरा गजरा लोंबत होता. सीतेची वेणी म्हणतात तिला, आमरीची जात. ही झाडावर राहते पण झाडाचं काही खात नाही, नुसती बसायला जागा घेते. तिच्या मुळ्या मातीत नाहीत, हवेत लोंबतात, आणि त्या मला मेलेल्या गांडुळासारख्या दिसल्या, पांढुरक्या, चांदीसारख्या. मी तसं म्हटलं. तर त्या मुलानं तांब्यात बोट बुडवलं आणि ओलं बोट एका मुळीवरून हळूच ओढलं. आणि बोट जिथून गेलं तिथून हिरवी रेघ उमटली! पाटीवर पेन्सिल ओढावी तशी. मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, मामा म्हणाले पुरे रे, तिला बुडवशील. त्याचं गुपित असं की मुळीच्या बाहेरून मेलेल्या, रिकाम्या पेशींची सालपटासारखी जाडी असते, स्पंजासारखी. कोरडी असताना त्यात हवा भरलेली, म्हणून चांदी दिसते. पाणी लागलं की ती क्षणात शोषून घेते आणि काचेसारखी आरपार होते, मग आतली हिरवी मुळी दिसते. नुसतं धुकं अंगावरून गेलं, दव पडलं, तरी तिला घोट मिळतो. मेलेली सालसुद्धा कामाला लावली आहे बघा तिनं.

पण पानं आणि मुळ्या झाल्या ओठ. पोट कुठं आहे? ते पायाखाली आहे. मी पाचोळ्यात हात घातला, वरची पानं करकरीत वाळलेली, बोटभर खाली मऊ, वीतभर खाली गार आणि काळी, आणि त्यात बुरशीचे पांढरे धागे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले. मनगटापर्यंत हात गेला तरी खरी माती लागली नाही. त्याखाली कातळ, आणि हा कातळही साधा नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, पुढं-मागं काही लाख, जमिनीला भेगा पडून इथं तापलेला रस वाहिला, थिजला, मग त्यावर पुन्हा वाहिला, पुन्हा थिजला, असे थरावर थर, आजीच्या वाकळीसारखे. प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र, भेगाळ, आणि दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं भाजून निघालेल्या लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, लाल पट्ट्याशी अडतं, मग आडवं सरकत सरकत कड्याच्या पायथ्याशी डोकं बाहेर काढतं. आषाढात आत शिरलेला थेंब बाहेर यायला चैत्र उजाडतो. पाचोळा नसता तर तो आत शिरलाच नसता, कातळावरून सुसाट कोकणात नाहीतर धरणात गेला असता, आणि जाताना माती घेऊन गेला असता.

असाच एक झरा आम्हाला सापडला. झरा कसला, शेवाळलेल्या कपारीतून दोऱ्याएवढी धार. तिथून ओघळ, ओघळाचा ओढा, आणि रतनगडाच्या पायथ्याच्या अशाच ओढ्यांची होते प्रवरा, जिला आपण अमृतवाहिनी म्हणतो. मामा त्या धारेपुढं उकिडवे बसले. आयुष्यभर त्यांनी पाणी क्युसेकमध्ये ऐकलेलं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, आणि पाटात असे शेकड्यांनी. त्यांनी तांब्या धारेखाली धरला आणि कमरेचं घड्याळ काढलं. दहा मिनिटं लागली तांब्या भरायला. दहा मिनिटं आम्ही तिघं काही बोललो नाही. मग ते पुटपुटले, "तासाला सहा. दिवसाला एकशे चव्वेचाळीस." आणि थोड्या वेळानं, "दसऱ्यापासनं." त्यांना माहीत होतं की धरण भरतं ते आषाढ-श्रावणाच्या लोंढ्यानं, अशा धारेनं नाही. तरी ते तिथून लवकर उठले नाहीत. तो तांब्या त्यांनी ओतला नाही, तोंडाला फडकं बांधून पिशवीत उभा ठेवला.

गडावर लोखंडी शिड्या चढून गेलो, वर कातळाला आरपार मोठं भोक आहे, नेढं म्हणतात, त्यात बसलो. पश्चिमेला जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण. पावसाळ्यात समुद्रावरून ढग येतात आणि या भिंतीवर आदळतात. वर चढायला लागलं की हवा गार होते, गार हवेला वाफ धरवत नाही, मग ती सगळी घाटघर-रतनवाडीवर पिळून काढली जाते, आणि ते पिळलेलं फडकं पुढं पारनेर, नगर, कर्जतला जातं. आमच्या शेतावर ढग येऊन न बरसता का जातात, ते मला त्या नेढ्यात कळलं.

या भिंतीवरचं आणखी एक नवल मी पुष्कळ वर्षांनी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर बघितलं. सकाळची वेळ, सूर्य पाठीशी, कड्याखाली पांढरंशुभ्र धुकं, आणि त्या धुक्यावर माझी सावली, डोक्याभोवती पूर्ण गोल इंद्रधनुष्य. अर्धं नाही, पूर्ण. इंद्रवज्र म्हणतात त्याला, आणि कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ सालीच त्याची हकिगत छापून ठेवली आहे. मी शेजारच्या सोबत्याला म्हटलं, "अरे, माझ्या डोक्याला प्रभावळ!" तो म्हणाला, "तुझ्या कुठं, माझ्या आहे." दोघंही खरं बोलत होतो. धुक्याचा बारीक थेंब सूर्याचा उजेड जवळजवळ आल्या वाटेनं मागं परतवतो, म्हणून ज्याच्या त्याच्या डोळ्याला वर्तुळ आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. हजार माणसं कड्यावर उभी केली तरी हजार प्रभावळी, आणि प्रत्येकाला दिसणार एकच.

आता वात विझवतो. हं. डोळे सरावू द्या.

रात्री जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "पोराला झाडं दावतो." डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. ओढ्याकाठी एका सादड्यापाशी आम्ही थांबलो. आधी एक ठिणगी, मग चार, मग अख्खं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पेटलं आणि विझलं. पेटलं आणि विझलं. जणू झाडच श्वास घेतंय. मग शेजारच्या हिरड्यानं तोच ठेका धरला, पलीकडच्या उंबरानं उचलला, आणि उजेडाची लाट ओढ्याच्या कडेनं वर वर गेली आणि परत आली. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. मामांनी माझा हात घट्ट धरला होता, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी ते कळलं नाही.

बाबांनी एक काजवा माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आणि त्याच्या पोटाच्या टोकाचा पिवळट हिरवा उजेड इतका की माझ्या हातावरच्या रेषा दिसल्या. मी हात झटकणार होतो, पोळेल म्हणून. पण पोळलं नाही. कंदिलाची काच बघा अजून कशी तापलेली आहे, त्याच्या जळण्यातली बहुतेक शक्ती उष्णतेतच जाते. काजवा उष्णता जवळजवळ होऊच देत नाही. त्याच्या पोटात लुसिफेरिन नावाचं एक द्रव्य असतं, लुसिफेरेज नावाचं दुसरं त्याला प्राणवायूशी जोडून देतं, आणि त्या जुळणीतून निघतो तो गार उजेड. लुकलुकतात ते बहुतेक नर, पानाआड बसलेली मादी त्यांना आपल्या उजेडानं उत्तर देते, आणि प्रत्येक जातीचा ठेका वेगळा, म्हणजे चुकीच्या घरी हाक जात नाही.

आणि ही दिवाळी दोन-तीन आठवड्यांचीच. त्याआधीचं जवळजवळ सगळं आयुष्य काजवा अळी होऊन त्याच ओल्या पाचोळ्यात काढतो, मी हात घातला होता ना, त्यात. गोगलगायी खातो, आणि कशा, तर आधी चावून तिच्या अंगात पाचक रस सोडतो आणि मग तिची पेज करून पितो. पंख फुटल्यावर पुष्कळ जातींचे काजवे तोंडाला काही लावतही नाहीत. पावसाच्या तोंडावर मीलन, ओल्या मातीत अंडी, आणि पाऊस लागून गोगलगायी बाहेर पडतात तेव्हा अळ्या तयार. म्हणजे त्या झाडावरचा उजेडसुद्धा रानानं धरलेल्या ओलीतूनच निघालेला. आता दरवर्षी तिकडं काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. जा, जरूर जा, पण मोटारीचे दिवे आणि मोबाईलचा टॉर्च बंद करून, कारण त्या झोतात मादीला नराचा ठेका दिसत नाही, आणि त्या बिचाऱ्याकडं वाया घालवायला दुसरी रात्र फारशी नसते.

पहाटे वळीव आला. दहा मिनिटं कोसळला आणि गेला. परतीच्या वाटेवर मी त्या जांभळाकडं धावलो, सीतेची वेणी बघायला. एकही मुळी चांदीची राहिली नव्हती, सगळ्या हिरव्यागार. होडीत मामा पिशवी मांडीवर घेऊन बसले, लाटेनं तांब्या हिंदकळू नये म्हणून एक हात त्यावर. एसटीत तसेच. संगमनेरला उतरून चहा प्यायलो तेव्हा तांब्या मला धरायला दिला आणि स्वतःचा चहा होताच परत घेतला. मी विचारलं, "मामा, घरी देवापुढं ठेवायचा का?" काही बोलले नाहीत.

घरी नाही, आधी पाटावर गेलो. आवर्तनाचं शेवटचं पाणी संथ चाललेलं, गढूळ, वर उसाची पानं तरंगणारी. मामांनी वहाणा काढल्या, काठावर बसून फडकं सोडलं आणि तांब्या सावकाश पाण्यात रिता केला. शेवटचा थेंबही तांब्या पालथा धरून झटकला. मी म्हटलं, "अहो मामा, ते पाणी तसंही इथंच येणार होतं." म्हणाले, "आलं की मग." आणि उठून त्यांनी वहाणा घातल्या, घड्याळ बघितलं, आणि खालच्या चारीचं दार उघडायला निघाले, कारण त्या शेतकऱ्याची पाळी सुरू व्हायला पाचच मिनिटं राहिली होती.